ग्रामोफोनची ध्वनिभुजा व कार्ट्रिज

तबकडीच्या खोबणीतून फिरणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारी लहानशी पेटिका म्हणजे कार्ट्रिज आणि ती पेटिका तबकडीवर तोलून धरणारा, एका टोकाशी धारव्यावर फिरणारा दांडा म्हणजे ध्वनिभुजा होय. उच्च दर्जाच्या यंत्रसामग्रीत ही दोन साधने बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात, स्वतंत्रपणे विकली जातात व ग्राहकाकडे आल्यावर एकत्र जोडली जातात. यांत्रिक दृष्ट्या मात्र त्यांना वेगळे मानता येत नाही. सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला बसविलेली असते, त्या दांडीचा रबरी आधार स्प्रिंगेसारखे कार्य करतो आणि भुजा, कार्ट्रिज व तोलवजन यांचे एकत्रित द्रव्यमान त्या स्प्रिंगेवर पेललेले असते. त्यामुळे तबकडीतून कसा ध्वनी उमटेल हे केवळ कार्ट्रिजच्या गुणवत्तेवर नव्हे, तर या जोडीच्या परस्पर मेळावर अवलंबून असते. कार्ट्रिज जितके नाजूक, तितके ते विसंगत भुजेवर अधिक वाईट वाजते, ही गोष्ट ग्रामोफोनच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात हळूहळू स्पष्ट होत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी रंगभूमीचे व हिंदुस्थानी संगीताचे पुष्कळसे आवाज केवळ तबकड्यांवरच उरले असल्यामुळे या तांत्रिक प्रश्नाला सांस्कृतिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

यांत्रिक काळ : टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात ध्वनी नळकांड्यावर मुद्रित होत असे. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व घेतले. या तबकडीवरील खोबण दोन्ही बाजूंना नागमोडी वळणे घेत जाते व सुई तिच्या भिंतींच्या आधाराने आडवी हेलकावते. आरंभीच्या ग्रामोफोनमध्ये अभ्रकाचा पडदा असलेली ध्वनिपेटी थेट कर्ण्याला जोडलेली असे. कर्णा एका आधारावर टेकविलेला असला, तरी तबकडी वाजत असताना त्यास आतल्या बाजूस ओढून नेण्याचे काम खोबणीलाच करावे लागे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नाममुद्रेवरील कुत्र्याच्या सुपरिचित चित्रात याच प्रकारचे यंत्र दाखविलेले आहे.

१९०३ च्या सुमारास अमेरिकेत एल्ड्रिज जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीने कर्णा यंत्राच्या पेटीवर पक्का बसविला आणि ध्वनिपेटी व कर्णा यांच्यामध्ये निमुळती पोकळ नळी योजिली. ध्वनी या नळीतूनच जात असल्यामुळे तिला ध्वनिभुजा हे नाव पडले. पुढे विद्युत् यंत्रे आल्यावर भुजेतून ध्वनीऐवजी बारीक तारा जाऊ लागल्या, तरी नाव तेच राहिले. कर्ण्याचा भार सुईवरून दूर झाला, ही या सुधारणेची खरी फलश्रुती होती. सुईवरील ओझे कमी करण्याचा जो प्रयत्न पुढे पाऊण शतक चालला, त्याचा हा आरंभ होय.

तरीही त्या काळी खोबणीवर शंभर ग्रॅमपेक्षा अधिक भार पडत असे. पोलादी सुई प्रत्येक बाजूसाठी नवी घ्यावी लागे. तबकडीच्या लाखमिश्रित द्रव्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खोबणीच्या आकाराची व्हावी, असा त्यात हेतू होता. सुई व खोबण यांचा मेळ अशा रीतीने झिजेने साधला जाई. ही झीज केवळ सुईची नव्हती. तीच तबकडी शेकडो वेळा वाजविली की, खोबणीच्या भिंतींवरील बारीक वळणे घासली जात व तार स्वरांतील तेज कमी होऊन खरखर वाढत असे.

भारतात फ्रेडरिक गेसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्ता येथे ग्रामोफोन कंपनीसाठी पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली. प्रारंभी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. १९०८ मध्ये सियालदा येथे व १९२८ मध्ये डमडम येथे कारखाना सुरू झाल्यावर त्या देशातच निघू लागल्या. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर इत्यादींचे गायन मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांवर साठविले गेले. एका बाजूस साधारणतः तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. रागाचा विस्तार एवढ्या अवधीत आवरून मांडण्याची गायकाची हातोटी, ही या माध्यमाचीच देणगी होय.

विद्युत् पिक-अप : १९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला आणि थोड्याच वर्षांत ध्वनिपेटीच्या जागी विद्युत् पिक-अप आले. आरंभीच्या पिक-अपमध्ये नालाकृती चुंबक, लोखंडी पाते व रबराचे गट्टू असत. त्यांचे वजन ध्वनिपेटीपेक्षा फारसे कमी नव्हते. रबर जुने होऊन कडक झाले की, सुईची हालचाल आखडून तबकडीची झीज वाढे.

झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढलेल्या दाबविद्युत् परिणामाचा उपयोग १९३० नंतर पिक-अपमध्ये होऊ लागला. रोशेल लवणाचा स्फटिक पिळवटला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत् दाब निर्माण होतो. हे पिक-अप हलके व स्वस्त असून त्यांचा संकेतही जोरकस असे, त्यामुळे साधा विवर्धक पुरत असे. तथापि रोशेल लवणास उष्णता व दमटपणा मानवत नाही. सु. ५५° से. तापमानास ते विघटू लागते व दमट हवेत त्याचे गुणधर्म बिघडतात. साहजिकच कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील पावसाळ्यात असे पिक-अप दीर्घकाळ टिकणे कठीण होते. पुढे बेरियम टिटॅनेटासारख्या सिरॅमिक द्रव्यांनी ही अडचण दूर केली. भारतात १९६० व १९७० च्या दशकांत लोकप्रिय असलेल्या, पेटीप्रमाणे उचलून नेता येणाऱ्या रेकॉर्ड-प्लेअरमध्ये बहुधा याच जातीची कार्ट्रिजे असत. त्यांत भुजा व कार्ट्रिज एकाच कारखान्यातून जोडूनच येत असल्यामुळे जुळणीचा प्रश्न ग्राहकापुढे येतच नसे.

भुजेची भूमिती : मूळ तबकडी कोरणारे पाते तबकडीच्या त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. ध्वनिभुजा मात्र एका बिंदूभोवती फिरत असल्यामुळे सुईचा मार्ग वर्तुळखंडासारखा वाकडा होतो. यामुळे सुई व खोबण यांच्या दिशांत जो कोन पडतो, त्याने ध्वनीत विकृती येते. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. एरिक लफग्रेन (१९३८) व एच्. जी. बेअरवाल्ड (१९४१) यांनी ते पूर्णत्वास नेले. भुजेचे पुढचे टोक ठराविक कोनात वळविले व सुई तबकडीच्या मध्याच्या किंचित पलीकडे जाईल एवढी भुजेची लांबी ठेवली, तर दोन ठिकाणी हा दोष शून्य होतो व इतरत्र अल्प राहतो. कार्ट्रिज बसविताना वापरला जाणारा रेखांकित पुठ्ठा या गणितावरच आधारलेला असतो. टोक वळविल्यामुळे घर्षणबलाचा काही अंश भुजेस तबकडीच्या मध्याकडे खेचतो. त्याच्या निवारणासाठी बारीक वजन किंवा स्प्रिंग यांच्या साहाय्याने बाहेरच्या दिशेने तेवढेच बल लावावे लागते.

सूक्ष्म खोबण व स्टीरिओ ध्वनी : १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. ती लाखेऐवजी व्हिनाइलची होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या सु. तीन सहस्रांश असे, ती आता एक सहस्रांशावर आली. व्हिनाइलमध्ये दगडी पूड नसल्यामुळे खरखर फार कमी झाली. पण मऊ व्हिनाइलवर जड भुजा ठेवता येणे शक्य नव्हते. सुईवरील भार ग्रॅमच्या काही पटींपर्यंत उतरवावा लागला व पोलादाऐवजी नीलमणी किंवा हिरा यांचे टोक वापरात आले. १९५७–५८ मध्ये स्टीरिओ तबकडी आली. अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्येच सुचविल्याप्रमाणे खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वेगळे संकेत कोरलेले असल्यामुळे सुईला आडव्याबरोबर उभ्या दिशेनेही मोकळेपणाने हलावे लागते. तबकडीचा वाकडेपणा व यंत्राची घरघर हे उभ्या दिशेतील दोष आता थेट संकेतात मिसळू लागले. जुळणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथूनच तीव्र झाला.

या काळात कार्ट्रिजचे दोन प्रमुख पंथ निर्माण झाले. चल चुंबक प्रकारात सुईच्या दांडीच्या मागील टोकास अतिलहान चुंबक असून तो स्थिर वेटोळ्यांजवळ हलतो. अमेरिकेतील शूअर कंपनीचे १९६४ मधील व्ही-१५ हे या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण होय. त्याची दांडी अत्यंत मोकळी असून त्याच्या मालिकेतील पुढील कार्ट्रिजे सु. एक ग्रॅम भारावर चालत. चल वेटोळे प्रकारात याच्या उलट चुंबक स्थिर असून दांडीवर बारीक तारेचे वेटोळे असते. डेन्मार्कमधील ऑर्टोफॉन कंपनीचे एसपीयू (१९५९) व जपानच्या राष्ट्रीय नभोवाणीसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेले डेनॉन डीएल-१०३ ही या प्रकारातील प्रसिद्ध कार्ट्रिजे होत. त्यांची दांडी तुलनेने ताठ असते व ती दोन ग्रॅमपेक्षा अधिक भार मागतात.

जुळणीचे गणित : कार्ट्रिजच्या दांडीचा मोकळेपणा नम्यता या राशीने मोजतात. एक मिलिन्यूटन बल लावले असता सुई किती मायक्रोमीटर सरकते, तो आकडा म्हणजे नम्यता होय. भुजेच्या बाजूने विचार करताना तिचे एकूण वजन महत्त्वाचे नसते, तर सुईच्या जागी तिची निरूढी किती जाणवते हे महत्त्वाचे असते. या राशीस परिणामी द्रव्यमान म्हणतात. तोलवजन जड असूनही धारव्याच्या अगदी जवळ असेल, तर परिणामी द्रव्यमान कमी राहते. हलके वजन दूर ठेवून तोल साधला, तर ते वाढते. याचे कारण तोल अंतराच्या प्रमाणात, पण निरूढी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भुजेच्या पुढच्या टोकाला वाढविलेला प्रत्येक ग्रॅम मात्र जवळजवळ पूर्णपणे हिशेबात येतो.

द्रव्यमान व स्प्रिंग यांच्या प्रत्येक जोडीस स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते व त्या कंप्रतेचा धक्का मिळाल्यास ती जोडी मोठ्या परमप्रसराने डोलू लागते [⟶ अनुस्पंदन]. भुजा-कार्ट्रिज जोडीची ही कंप्रता काढण्यासाठी भुजेचे परिणामी द्रव्यमान, कार्ट्रिजचे वजन व स्क्रू यांची ग्रॅममधील बेरीज घेऊन तिला नम्यतेने गुणतात. गुणाकाराच्या वर्गमूळाने १५९ ला भागले असता हर्ट्‌झमधील उत्तर मिळते. तबकडीच्या वाकडेपणाची कंपने मुख्यतः अर्ध्या हर्ट्‌झपासून सात-आठ हर्ट्‌झपर्यंत असतात. ऐकू येणारा ध्वनी २० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो. जोडीची कंप्रता या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, साधारणतः ८ ते १२ हर्ट्‌झ या मर्यादेत, यावी असा दंडक आहे.

उदा., मोकळ्या दांडीच्या कार्ट्रिजची नम्यता ३० व वजन ६·५ ग्रॅ. असून ते २० ग्रॅ. परिणामी द्रव्यमानाच्या जड भुजेवर बसविले, तर कंप्रता सु. ५·६ हर्ट्‌झ येते. तबकडीवरील प्रत्येक उंचवट्याबरोबर अशी भुजा डोलते, सुईवरील भार क्षणोक्षणी कमीजास्त होतो, लांब स्वर थरथरल्यासारखे ऐकू येतात आणि प्रसंगी सुई खोबणीतून उडते. तेच कार्ट्रिज ६ ग्रॅ. द्रव्यमानाच्या भुजेवर ८·२ हर्ट्‌झवर स्थिरावते. उलट नम्यता ६ व वजन ८·५ ग्रॅ. असलेले ताठ कार्ट्रिज या हलक्या भुजेवर बसविल्यास, स्क्रूंचे अर्धा ग्रॅम वजन धरून, कंप्रता सु. १७ हर्ट्‌झ होते. ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या खालच्या सीमेजवळ हे अनुस्पंदन आल्यामुळे नाद फुगल्यासारखा वाटतो. अशा वेळी भुजेच्या टोकास काही ग्रॅमची पट्टी जोडली, तर दोष कमी होतो. जड भुजा हलकी करण्याचा सोपा उपाय मात्र नसतो. नम्यतेचे आकडे वाचतानाही सावधगिरी लागते. काही जपानी कारखाने ती १०० हर्ट्‌झला मोजतात व १० हर्ट्‌झला तीच नम्यता दीडपट ते दुप्पट भरते. डीएल-१०३ चा छापील आकडा ५ आहे. तो जसाच्या तसा धरल्यास हिशेब चुकतो.

कंप्रता योग्य पट्ट्यात आली, तरी डोलणे पूर्णपणे थांबत नाही. म्हणून काही भुजांत सिलिकोन तेलाची लहान पन्हळ ठेवून त्यात भुजेला जोडलेले पाते बुडवितात. या उपायास संदमन म्हणतात. याखेरीज भुजेच्या नळीचे स्वतःचे, वरच्या कंप्रतांचे अनुस्पंदनही असते. पोकळ भांडे मोकळे धरून ठोकले, तर ते खणखणते आणि आतून आधार देऊन ठोकले, तर ठोका बद्द उमटतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यांवर ठोके देणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या अनुभवातील ही गोष्ट होय. भुजेची नळी निमुळती करणे, आत लाकूड किंवा फेसद्रव्य भरणे, मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूची एकसंध नळी ओतणे हे उपाय याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

अभिरुचीतील चढउतार : इंग्लंडमधील एसएमई कंपनीची ३००९ ही भुजा १९५९ मध्ये आली. तिचे सुटे होणारे शीर्ष इतके रूढ झाले की, निरनिराळ्या देशांतील कारखान्यांनी तीच जोडणी स्वीकारली. या सोयीमुळे कोणतेही कार्ट्रिज कोणत्याही भुजेला बसू लागले. परंतु बसणे आणि जुळणे यांतील फरक त्यामुळे अनेकांच्या नजरेआड झाला. १९७० च्या दशकात सुईवरील भार जितका कमी तितके कार्ट्रिज उत्तम, अशी समजूत रूढ झाली. नम्यता वाढत गेली व भुजा हलक्या होत गेल्या. एसएमईची तिसरी मालिका या प्रवृत्तीचे टोक होय. पुढे ताठ दांडीची चल वेटोळे कार्ट्रिजे पुन्हा प्रिय झाली तेव्हा या हलक्या भुजा त्यांना अपुऱ्या पडू लागल्या. १९८६ मध्ये याच कंपनीने मॅग्नेशियमाची, मध्यम द्रव्यमानाची व अधिक दृढ अशी पाचवी मालिका काढली. दोन्ही भुजा आपापल्या परीने उत्कृष्ट आहेत. पण एकीचे काम दुसरीकडून होत नाही. शूअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज-निर्मिती बंद केल्यामुळे जुन्या हलक्या भुजांच्या धारकांना जोडीदार शोधणे अवघड झाले. तबकड्यांचा खप मात्र एकविसाव्या शतकात अनेक देशांत पुन्हा वाढला असून नव्या महागड्या कार्ट्रिजांत मध्यम किंवा अल्प नम्यतेचे प्रकार बरेच आढळतात.

विद्युत् जुळणी : यांत्रिक मेळाबरोबर विद्युत् मेळही साधावा लागतो. चल चुंबक कार्ट्रिज सु. ३ ते ५ मिलिव्होल्ट संकेत देते व त्यास ४७ किलोओहम रोध असलेली विवर्धकाची बाजू लागते. तारांची विद्युत् धारणा प्रमाणाबाहेर गेली, तर वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. चल वेटोळे कार्ट्रिजचा संकेत बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा कमी असतो. त्यासाठी रोहित्र किंवा पूर्वविवर्धक मध्ये घालावा लागतो. त्याची निवड चुकल्यास महाग कार्ट्रिजही निस्तेज वाजते.

कसबा पेठ व जुनी घरे : भुजा-कार्ट्रिज जोडीला धक्का केवळ तबकडीकडूनच मिळतो असे नाही, तो घराकडूनही मिळतो. कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती असून ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, कागदीपुरा अशी तिची ओळख आहे. येथील जुने वाडे लाकडी खांब, तुळया व त्यांवरील तक्तपोशी अशा बांधणीचे होते. माडीवर माणूस चालू लागला की, अशी जमीन किंचित लवते. चालण्याची पावले सेकंदाला सुमारे दोन पडतात व त्यांच्या चार, सहा, आठ हर्ट्‌झच्या गुणितांनीही जमीन हलते. जोडीची कंप्रता पाच-सहा हर्ट्‌झ असेल, तर ही पावले थेट तिला डोलवितात. दहा हर्ट्‌झ असेल, तर त्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. तळमजल्याच्या फरशीवर निर्दोष वाजणारा संच माडीवर नेताच बिघडल्यासारखा वाटतो, त्याचे हे कारण होय. अशा घरात यंत्र जमिनीवरील टेबलावर न ठेवता जाड भिंतीतील कोनाड्यात किंवा भिंतीत रोवलेल्या फळीवर ठेवणे हितकर असते. कारण भिंत जमिनीइतकी लवत नाही. गणेशोत्सवात अरुंद आळ्यांतून ढोलपथके जातात तेव्हा खिडक्यांच्या झडपांनाही हादरा जाणवतो. अशा वेळी नाजूक कार्ट्रिज तबकडीवर न ठेवणेच इष्ट ठरते.

गणेशोत्सवाचा तबकड्यांशी आणखीही एक संबंध आहे. १८९३ पासून सार्वजनिक स्वरूप लाभलेल्या या उत्सवात ध्वनिवर्धक आल्यानंतर कॅसेटचा प्रसार होईपर्यंत मंडपांतून तबकड्या वाजत. त्यासाठी वापरले जाणारे पिक-अप दणकट व जड असत, सुया वारंवार बदलल्या जात नसत आणि लोकप्रिय गीताची एकच तबकडी दिवसातून अनेकदा वाजे. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या कित्येक तबकड्यांच्या खोबणी करड्या दिसतात. त्या अशा वापराने झिजलेल्या असतात. कसबा पेठेलगत मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार व ठिकठिकाणची भंगाराची दुकाने येथूनच अनेक संग्राहकांना ग्रामोफोनचे भाग व तबकड्या मिळाल्या. तेथे भुजा एका यंत्राची, शीर्ष दुसऱ्याचे व कार्ट्रिज तिसऱ्याचे, अशी जोडकामे नेहमी आढळतात. ती वाजतात, परंतु वरील हिशेब न करता वाजविल्यास दुर्मिळ तबकडीचे नुकसान करतात.

जुन्या तबकड्यांचे जतन : भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. १९८० च्या दशकात कॅसेटने दीर्घवादन तबकडीसही बाजारातून मागे सारले. त्यानंतर जुन्या तबकड्या जपण्याचे काम मुख्यतः संग्राहकांकडे आले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणले. तबकड्यांवरील गायन संगणकीय स्वरूपात उतरवून घेण्याचे प्रयत्नही त्यानंतर वाढले.

या कामात जुळणीचे शास्त्र निर्णायक ठरते. ७८ फेऱ्यांच्या रुंद खोबणीत दीर्घवादन तबकडीची बारीक सुई घातली, तर ती तळाशी जाऊन धुळीवर व चऱ्यांवर घासते आणि भिंतींवरील गायन तिला नीट मिळत नाही. म्हणून जाणकार निरनिराळ्या जाडीच्या सुयांचा संच बाळगतात. पूर्वीच्या पोलादी सुयांनी भिंतीचा जो भाग झिजविला असेल त्याच्या किंचित वर किंवा खाली टेकणारी सुई निवडली, तर न झिजलेल्या पट्ट्यावरून आवाज अनपेक्षित स्वच्छ निघतो. या तबकड्यांचे छिद्र पुष्कळदा मध्यापासून किंचित ढळलेले असते; त्यामुळे भुजा प्रत्येक फेऱ्याबरोबर, म्हणजे सेकंदाला सु. १·३ वेळा, आत-बाहेर डुलते. भुजेची आडवी निरूढी जास्त व धारवा कडक असेल, तर सुईची दांडी एकदा एका भिंतीवर व एकदा दुसऱ्या भिंतीवर दाबली जाते. मोकळा धारवा, मध्यम द्रव्यमान आणि तीन-चार ग्रॅम भार सहज पेलणारे कार्ट्रिज, अशी जोडी येथे उपयोगी पडते. अत्यंत महाग व एक ग्रॅमवर चालणारे कार्ट्रिज या कामी अयोग्य ठरते.

जुळणीचा विचार पृथ्वीबाहेर जाणाऱ्या तबकडीच्या बाबतीतही करावा लागला. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची प्रत्येकी एक तबकडी आहे. तीवरील निवडक संगीतात केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी रागातील रचना समाविष्ट आहे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंचे निधन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले. तबकडी मिनिटाला १६ २/३ फेरे या गतीने वाजवायची असून तिच्याबरोबर कार्ट्रिज व सुई ठेवलेली आहे आणि सुई कोठे व कशी टेकवायची याची आकृती वेष्टनावर कोरलेली आहे. भुजा मात्र सोबत नाही. ती ज्याला तबकडी सापडेल त्यानेच तयार करावयाची आहे.

पृथ्वीवरील तबकड्यांच्या बाबतीत काम तुलनेने सोपे असले, तरी वेळ मर्यादित आहे. लाखेची तबकडी ठिसूळ असते आणि प्रत्येक वादनाने, ते कितीही काळजीपूर्वक असले तरी, तिची थोडी झीज होतेच. संगणकात उतरविलेली प्रत झिजत नाही. पण ती घेताना भुजा डोलत असेल, सुई चुकीच्या जाडीची असेल किंवा दांडी एका भिंतीवर दाबली गेली असेल, तर तो दोषही त्या प्रतीत कायमचा राहतो. मूळ तबकडी पुढे फुटली, तर गायकाचा आवाज पुढील पिढ्यांस त्या दोषासहच ऐकावा लागतो. म्हणून प्रत घेण्यापूर्वी कार्ट्रिज व भुजा यांचा मेळ तपासून घेणे, हा जतनकार्यातील पहिला टप्पा मानला पाहिजे.